फितींवरचा गोमंतक

मृग लागण्यापूर्वी गोमंतकात घरोघर एक ठरलेली लगबग चालते. कौले परतली जातात, पुरुमेंताची बेगमी होते, सुकी मासळी, मिरच्या, सोलां यांचे डबे भरले जातात आणि माळ्यावरची अडगळ खाली उतरते. या अडगळीत अलीकडे एक वस्तू हमखास आढळते. काळ्या प्लास्टिकच्या, जाडजूड पुस्तकाएवढ्या, आत तपकिरी फीत गुंडाळलेल्या व्हिडिओ कॅसेटी. एखादीवर ‘दादाचे लग्न’, एखादीवर ‘उत्सवाचे नाटक’, एखादीवर काहीच नाही. त्या लावून पाहावयाचे यंत्र घरात उरलेले नसते. जुने वर्तमानपत्र रद्दीवाला घेतो, तांब्याची चेपलेली घागर भंगारवाला घेतो. ही कॅसेट मात्र फुकट दिली तरी कोणी हातात धरीत नाही. अखेर ती पंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीत जाते, आणि घर स्वच्छ झाल्याचे समाधान मानून माणसे पावसाची वाट पाहू लागतात.

या क्षुल्लक गोष्टीसाठी अग्रलेखाची जागा कशाला अडवावी, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. परंतु आमच्या मते त्या गाडीतून गोमंतकाच्या गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासाचा एक भाग दरवर्षी वाहून जात आहे आणि त्याची गणती कोणी ठेवलेली नाही. हा भाग म्हणजे येथील स्थानिक दूरचित्रवाणीचा इतिहास.

दूरदर्शनचा राष्ट्रीय इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, त्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्राचा जन्म झाला, पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुणेकरांच्या घरी चित्रे पोहोचली. १९७६ मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, १९८२ मध्ये रंग आले, १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ साली दिवसाला एक या वेगाने देशभर छोटे प्रक्षेपक उभे राहू लागले. गोमंतकातही ऐंशीच्या दशकात घराघरांच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे उगवले, आणि आषाढातल्या वाऱ्याने ते वाकले की ऐन कार्यक्रमाच्या वेळी घरातल्या थोरल्या मुलास कौलांवर चढवून ‘आता आले काय, आता गेले काय’ असा संवाद खालून-वरून चालू लागला. हा सगळा वृत्तांत पुस्तकांत सापडतो. सापडत नाही ते इतकेच, की त्या पडद्यावर आमच्याविषयी प्रत्यक्षात काय दिसले.

मुंबई केंद्राच्या पहिल्या दहा वर्षांचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. ‘आमची माती आमची माणसं’मध्ये शेतकरी आपल्या बोलीत बोलत होता, ‘गजरा’त मराठी रंगभूमीवरचे नामांकित आणि होतकरू नट एकत्र येत होते, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये साहित्यिक आणि कलावंत निवांतपणे बोलत होते, चिं. वि. जोशी यांचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांच्या रूपाने घरात येऊन बसला होता, बबन प्रभू आणि याकूब सईद ही जोडी ‘हास परिहास’मधून हसवीत होती, आणि पुढे चित्रपटसृष्टीने डोक्यावर घेतलेल्या स्मिता पाटील तेव्हा मराठी बातम्या वाचीत होत्या. यांपैकी आज पाहावयास मिळते ते फार थोडे. कारण आगीचे नाही, पुराचे नाही. कारण हिशेबाचे आहे. चित्रफीत परदेशातून येई, तिला परकीय चलन लागे, ती महाग पडे. एकदा प्रक्षेपित झालेला कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, या विचाराने तीच फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम मुद्रित केला जाई. ज्यांनी फिती पुसल्या त्यांना आम्ही दोष देत नाही. काटकसर हा सरकारी नोकराचा गुण समजला जात होता, आणि त्या दिवसांत तो खरोखरच गुण होता.

हा अविचार केवळ आपल्याच देशात झाला असे कोणी समजू नये. ब्रिटनच्या बीबीसीने याच कारणासाठी आपल्या अनेक लोकप्रिय मालिका पुसून टाकल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातील सुमारे शंभर भाग तिला पुढे हरवलेले म्हणून जाहीर करावे लागले, आणि जे काही परत मिळाले ते परदेशांतील प्रक्षेपण केंद्रांच्या कोठारांतून आणि हौशी संग्राहकांकडून. जुलै १९६९ मध्ये मनुष्य चंद्रावर उतरला. त्या वेळी चंद्रावरून आलेले चित्रसंकेत ज्या मूळ फितींवर टिपले होते, त्याही पुसून पुन्हा वापरण्यात आल्या, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नासा संस्थेस २००९ मध्ये जाहीर करावा लागला. चंद्राची ही कथा, तेथे काणकोण-पेडण्याचा काय पाड!

तथापि काणकोण-पेडण्याचा पाड काय, हाच तर प्रश्न आहे. चंद्रावरच्या पावलांची दुसरी चित्रे उरली, कारण ती साऱ्या जगाने टिपली होती. राष्ट्रीय घटना दहा ठिकाणी नोंदली जाते, एक नोंद गेली तर नऊ उरतात. स्थानिक घटनेची नोंद एकच असते. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि पुढे १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत पणजी व पर्वरीच्या मध्ये माणसे फेरीबोटींवर अवलंबून राहिली. त्या सहा वर्षांत फेरीच्या धक्क्यावरची गर्दी, तेथला चहा, तेथली भांडणे, कचेरी गाठण्यासाठी धावणारे कारकून, हे सगळे दिल्लीच्या बातमीपत्रात एका वाक्यात संपले असेल. ते येथल्या कोणाच्या कॅमेऱ्यात उतरले असेल तर तेवढेच. नव्वदच्या दशकात कोकण रेल्वेच्या मार्गावरून येथे जे रण माजले, केरीच्या नायलॉन कारखान्याविरुद्ध फोंडा तालुक्यात जे आंदोलन झाले आणि जानेवारी १९९५ मध्ये ज्याने एका तरुणाचा बळी घेतला, त्या सगळ्यांची लिखित हकीकत वर्तमानपत्रांच्या संचिकांत आहे. त्या माणसांचे आवाज, त्यांच्या सभांतील शांतता, पोलिसांसमोर उभ्या राहिलेल्या बायकांचे चेहरे वर्तमानपत्राला साठवता येत नाहीत. आम्ही हे कबूल करतो, आणि इतकी वर्षे छापील शब्दाचा अभिमान बाळगल्यानंतर कबूल करतो.

केबलचे युग आल्यावर या नोंदींत मोठी भर पडली. १९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांची चटक लावली, १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला, आणि गावोगावच्या केबलचालकाने एक वाहिनी स्वतःसाठी राखून ठेवली. लग्नसराईत लग्ने टिपणारा व्हिडिओवालाच संध्याकाळी नगरपालिकेच्या बैठकीत कॅमेरा घेऊन उभा राहू लागला. चित्र हलत असे, आवाज कधी फाटत असे, बातमी वाचणाऱ्याच्या मागचा पडदा एखाद्या नाट्यमंडळाकडून आणलेला असे. आम्ही वर्तमानपत्रवाले त्याची थट्टा करीत असू. पण शिगम्याचे मेळ, शिरगावच्या लईराईचे धोंड, वास्कोचा सप्ताह, देवळाच्या प्रांगणात रात्रभर रंगलेली उत्सवी मराठी नाटके, तियात्रे, पंचायतींची खडाजंगी, शाळांची स्नेहसंमेलने, पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या निधनवार्ता आणि घर भाड्याने देण्याच्या जाहिराती, असा जो गोमंतक या वाहिन्यांनी टिपला तो दुसऱ्या कोणी टिपलेला नाही. कोणत्या गावात कोणते नट कोणती भूमिका करीत, याची नोंद आता त्या फितींखेरीज कोठे असणार?

मागे एकदा एका जुन्या घटनेच्या स्मरणार्थ विशेष पान काढण्याचे आमच्या मनात होते. तिचे चित्रण एका ठिकाणी असल्याचे कळले म्हणून आम्ही तेथे गेलो. ते ठिकाण कोणते हे सांगण्यात हशील नाही. तेथील गृहस्थांनी अगत्याने नोंदवही काढली, बोट फिरवीत नेमकी ओळ शोधली. कॅसेटचा क्रमांक होता, तारीख होती, घटनेचे नाव होते, आणि पुढच्या रकान्यात निराळ्या शाईने एकच शब्द होता : ‘पुनर्वापर’. नोंदवही मात्र उत्तम जपलेली होती.

कायद्याकडे पाहावे तर तोही आपल्या बाजूस नाही. पुस्तक प्रसिद्ध झाले की १९५४ च्या कायद्यान्वये त्याच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि आणखी तीन ग्रंथालयांस पाठवाव्या लागतात. १९५६ मध्ये वर्तमानपत्रेही त्या कक्षेत आली. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय आहे. दूरचित्रवाणीसाठी असे बंधन नाही. केबलचा कायदा चालकास कार्यक्रमांची नोंदवही ठेवावयास सांगतो, तीही एक वर्ष. कार्यक्रम ठेवावयास सांगत नाही. उपग्रह वाहिन्यांनी आपल्या प्रक्षेपणाची नोंद नव्वद दिवस जपावी, असा दंडक आहे, आणि तो इतिहासासाठी नसून तक्रारींच्या सोयीसाठी आहे. फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्याने नभोवाणी व दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पुस्तकांप्रमाणेच राष्ट्राकडे जमा करावे लागतात, आणि तेथील संस्थेने २००६ पासून आपल्या संग्रहाचा मोठा भाग इंटरनेटवर सर्वांस खुला केला आहे. आपल्या राष्ट्राची स्मृती नव्वद दिवसांची!

प्रसारभारतीने काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्या संग्रहातील गाणी, मुलाखती, जुन्या मालिका यूट्यूबवर येत असतात. २० नोव्हेंबर २०२४ रोजी येथेच, आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात, तिने ‘वेव्हज्’ नावाचे आपले स्वतंत्र व्यासपीठ सुरू केले. परंतु मोठ्या संस्थेची निवड मोठ्या नावांकडे झुकते, आणि तसे होणे साहजिक आहे. रविशंकरांची मैफल दिल्लीत कोणीतरी शोधून काढील. एखाद्या धालोच्या मांडावर गाणाऱ्या बाईचे चित्रण दिल्लीत कोण ओळखणार?

येथे विषयाच्या गाभ्याशी आपण येतो. फितीचा शत्रू एक नाही. फितीवरील चुंबकीय लेप ज्या डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेला असतो तो हवेतील ओलावा शोषून चिकट होतो; फीत यंत्रात अडकते, लेप खरवडून निघतो आणि त्याबरोबर चित्रही. आमच्या हवेत बुरशी वेगळीच. यंत्रे तर त्याहून दुर्मिळ. व्हीएचएसची यंत्रे करणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने जुलै २०१६ मध्ये ते काम बंद केले; यू-मॅटिकसारख्या व्यावसायिक फितींची यंत्रे त्याच्या कितीतरी आधी निघावयाची थांबली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्येच बजावले होते की जे २०२५ पर्यंत संगणकीय रूपात उतरणार नाही ते बहुधा कायमचे गेले असे समजावे. युनेस्कोने २०१९ मध्ये तोच इशारा जगभर फिरवला. ती मुदत उलटून गेली आहे. आज जे उरले आहे ते उसन्या वेळावर उरलेले आहे.

पण यंत्रे मिळतील, पैसा मिळेल. खरी अडचण माणसांची आहे. फीत संगणकात उतरली तरी तिच्यावरचा तो काळासावळा, टोपी घातलेला मनुष्य कोण, ती सभा कोणत्या गावची, मागे दिसते ते देऊळ जीर्णोद्धारापूर्वीचे कोणते, हे यंत्र सांगत नाही. ते सांगणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. फीत दहा वर्षांनी कदाचित वाचवता येईल, नाव सांगणारा दहा वर्षांनी असेलच असे नाही. नाव नसलेले चित्र म्हणजे केवळ एक जुने चित्र. म्हणून इंटरनेटवर हा इतिहास ठेवावयाचा तो फिती धडाधड चढवून देण्याचा उद्योग नसावा. प्रत्येक तुकड्याखाली तारीख, गाव, माणसे, टिपणाऱ्याचे नाव, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे स्पष्टपणे लिहिलेले हवे. जगभरच्या गोमंतकीयांस तेथे भर घालता आली पाहिजे. लिस्बनमध्ये वा कुवेतमध्ये बसलेली एखादी आजी पडद्यावर आपला भाऊ ओळखील आणि एका ओळीने आमच्या इतिहासातील एक रिकामी जागा भरून निघेल. महाजालाचा खरा उपयोग आहे तो हा.

हे काम हौशी लोक करीतच आहेत, असे कोणी म्हणेल. ते करीत आहेत आणि त्यांच्यामुळेच आज थोडेबहुत पाहावयास मिळते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी सत्तरच्या दशकापासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपल्या घरात रात्रंदिवस दूरचित्रवाणी मुद्रित करून सुमारे ७० हजार कॅसेटी भरल्या. शेजाऱ्यांनी वेडी ठरवावी असा तो छंद, आणि आज तोच संग्रह इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे अभ्यासकांसाठी आहे. परंतु स्टोक्सबाईंमागे ती संस्था उभी राहिली हे विसरून चालणार नाही. आमच्याकडील हौशी मनुष्याने यूट्यूबवर चढवलेली चित्रणे स्वामित्वहक्काच्या एका तक्रारीने, खाते बंद पडल्याने वा तो मनुष्य निवर्तल्याने एका रात्रीत नाहीशी होतात. जिओसिटीजवर लाखो लोकांनी आपली पाने मांडली होती. २००९ मध्ये चालकांनी दुकान आवरले. परक्याच्या ओसरीवर ठेवलेली पेटी सुरक्षित कशी म्हणावी?

स्वामित्वहक्काचा बाऊ मात्र प्रमाणाबाहेर केला जातो. प्रक्षेपणाच्या पुनरुत्पादनाचा हक्क आपल्या कायद्यात २५ वर्षांचा आहे. म्हणजे नव्वदच्या दशकातील प्रक्षेपणांपुरता तो संपला. चित्रफितीतील मूळ कृतीचा हक्क ६० वर्षे चालतो आणि कलावंतांचा त्यापरता ५० वर्षे, हे खरे. त्यामुळे प्रसिद्धीसाठी परवानगी घ्यावी लागेल. पण जतनासाठी? २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक, बिनव्यापारी ग्रंथालयास आपल्याकडे असलेल्या कृतीची संगणकीय प्रत जतनासाठी करून ठेवण्याची मुभा दिली आहे. अट इतकीच की मूळ वस्तू त्या ग्रंथालयाकडे असली पाहिजे. तेव्हा केबलचालकांनी, व्हिडिओवाल्यांनी, नाट्यमंडळांनी आणि देवस्थानांनी आपल्या कॅसेटी ग्रंथालयास दान केल्या की अर्धी वाट सरली. पणजीचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे आहे. पोर्तुगीज अमदानीतील कागद ज्या घराने सांभाळले त्याला मुक्तीनंतरच्या फिती सांभाळणे जड जाऊ नये. एका तासाचे चित्रण कसलीही काटछाट न करता साठवले तर नव्वद-शंभर गिगाबाइट जागा खाते. आजच्या बाजारात हा खर्च एखाद्या मंत्र्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातींहून अधिक नाही. (या जाहिराती आम्हीही छापतो, याची आठवण वाचक करून देतील, म्हणून आम्हीच करून देतो.)

एक सावधगिरी मात्र हवी, आणि उत्साहाच्या भरात ती विसरली जाते. त्या फितींवर केवळ उत्सव नाहीत. पोलिसांनी धरून आणलेला एखादा पोरसवदा मुलगा आहे, जो पुढे निर्दोष सुटला असेल. अपघाताच्या ठिकाणी रडणारी आई आहे. त्या दिवसांत ती बातमी एका संध्याकाळी गावात दिसून विरून जात असे. इंटरनेटवर ती कायमची, नाव घालताच सापडणारी होईल. असली चित्रणे जतन अवश्य करावीत, पण ती ग्रंथालयाच्या खोलीत, अभ्यासकापुरती ठेवावीत. जतन करणे आणि चव्हाट्यावर मांडणे या दोन गोष्टी आहेत, आणि हा विवेक कोणत्याही यंत्रणेवर सोपवता येणार नाही. त्यासाठी जाणती माणसे नेमावी लागतील.

अशी माणसे आहेत काय? गेल्या महिन्यात बारदेशातील एका गावी आम्ही एका निवृत्त तंत्रज्ञांकडे गेलो होतो. वय पंचाहत्तरीच्या घरात. घराच्या मागील खोलीत दोन जुनी यू-मॅटिक यंत्रे. एक चालते, दुसरे तिच्या सुट्या भागांसाठी ठेवलेले. भिंतीशी लाकडी कपाट, त्यात कॅसेटी उभ्या लावलेल्या आणि ओलावा राहू नये म्हणून तळाशी एक छोटा दिवा अखंड पेटता. प्रत्येक कॅसेटवर त्यांच्या हातची चिठ्ठी आहे : तारीख, गाव, प्रसंग. त्यांनी एक लावून दाखवली. पडद्यावर पट्टे आले, गेले, आणि एका देवळासमोरची फुगडी दिसू लागली. डावीकडून तिसरी बाई कोण हे त्यांनी आम्हांस न विचारता सांगितले. आजवर या फितींसाठी कोणी आले होते काय, असे विचारता त्यांनी मान हलवली. पट्टा बदलावयास हवा, तो आता मिळत नाही, म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला आहे, असे ते म्हणाले. सकाळी दहानंतर आपण केव्हाही मोकळे असतो, हेही त्यांनी सांगितले.